मुंडकी, दाव आणि पितळेचे चेहरे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नागा शालींवर लिहिलं होतं. त्यात आओ लोकांच्या त्सुंगकोतेप्सू शालीबद्दल एक ओळ होती, की पूर्वी ही शाल शत्रूचं डोकं आणलेल्या किंवा मिथुनाचा, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या पाळीव जनावराचा, बळी देऊन गावजेवण घातलेल्या माणसालाच पांघरता यायची. बाकी सगळा लेख बाजूला राहिला आणि त्या एकाच ओळीवर पत्रं आणि मेल आले, खूप आले. काही मनापासून विचारलेले होते, काही वाचून वाईट वाटलं. कापडाच्या नोंदी करायच्या कामासाठी मी नागालँडच्या मोन जिल्ह्यात तीन हिवाळे राहिलेय, कोन्याक लोकांमध्ये, त्यामुळे जे पाहिलं, ऐकलं आणि वाचलं त्यातून उत्तरं देतेय. सात प्रश्न घेतलेत, बाकीच्यांची उत्तरं त्यातच आली असतील.

प्रश्न : ताई, इंग्लंडमध्ये नागा माणसाची कवटी लिलावात निघाली होती असं वाचलं. हे खरंय का? कोणाची कवटी होती, आणि ती तिथे गेली कशी? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

खरंय. ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. ऑक्सफर्डशायरमध्ये टेट्सवर्थ म्हणून गाव आहे, तिथल्या स्वॉन फाइन आर्ट या लिलावघराने जुन्यापान्या विचित्र वस्तूंचा लिलाव ठेवला होता, त्यात ६४ नंबरचा लॉट म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, शिंगं लावलेली नागा माणसाची कवटी. बोली २,१०० पौंडापासून सुरू होणार होती आणि ४,००० पर्यंत जाईल असा अंदाज होता. त्याच लिलावात दक्षिण अमेरिकेतल्या हिवारो लोकांकडची आक्रसवलेली डोकी होती, पश्चिम आफ्रिकेतल्या कवट्या होत्या. नागालँडमध्ये बातमी पोचली तसा एकच आकांत झाला, फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन या नागा गटांमध्ये समेट घडवू पाहणाऱ्या संघटनेने आवाज उठवला, मुख्यमंत्री नेफ्यू रिओंनी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांना पत्र लिहिलं, आणि लिलावघराने तो लॉट मागे घेतला.

कोणाची होती? इथेच तर सगळं दुखणं आहे. त्या माणसाला नाव होतं, गाव होतं, आईबाप होते, आणि लिलावाच्या कागदावर त्यातलं काही नव्हतं, नुसतं नागा आणि शतक. कवट्यांना म्हशीची किंवा मिथुनाची शिंगं बांधायची पद्धत नागा टेकड्यांच्या पूर्वेकडच्या भागात होती, म्हणजे बहुतेक ही कवटी कोणीतरी लढाईत आणून आपल्या गावात टांगलेली असणार. मग ब्रिटिश आले, आणि अधिकारी, सैनिक, अभ्यासक सगळे वस्तू गोळा करत सुटले. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स हे दोघे नागा हिल्सचे डेप्युटी कमिशनर, दोघांनीही पुस्तकं लिहिली, ती आजही वाचावी लागतात, आणि दोघांनीही पेट्याच्या पेट्या भरून सामान ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमला दिलं. तिथे आज सहा हजारांवर नागा वस्तू आहेत, जगातला सगळ्यात मोठा संग्रह. त्यात दोनशेहून जास्त मानवी अवशेष आहेत. काही विकत घेतलेले, काही भेट मिळालेले, काही दंड म्हणून गाव जाळलं त्या मोहिमांतून आलेले.

२०२० साली त्या म्युझियमने १२० मानवी अवशेष काचेच्या कपाटांमधून काढून ठेवले. त्यानंतर नागा लोकांशी बोलणी सुरू झाली, आणि जून २०२५ मध्ये नागालँडहून वडीलधारी मंडळी, अभ्यासक, तरुण मुलं असं एक शिष्टमंडळ ऑक्सफर्डला गेलं, आपल्या पूर्वजांसमोर उभं राहिलं आणि त्यांना घरी न्यायचा जाहीरनामा तिथे वाचला. घरी आणल्यावर काय करायचं यावर गावागावांत चर्चा चालूय. कारण प्रश्न सोपा नाही. आता जवळपास सगळे नागा ख्रिश्चन आहेत, मग जुन्या पद्धतीने ठेवायचं की प्रार्थना म्हणून पुरायचं? आणि डोकं ज्याने आणलं त्याच्या गावाला द्यायचं की ज्याचं होतं त्याच्या? मला विचारशील तर ज्याचं होतं त्याच्या. पण हा निर्णय माझा नाही, तुझाही नाही, त्यांचा आहे.

प्रश्न : आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून एक नागा मुलगी राहते, फार गुणी पोर. मुलाचे मित्र आले होते, त्यातल्या एकाने जेवताना तिला विचारलं, तुमच्यात माणसं खातात ना? ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून आमच्यात जेवायला बसत नाही. तिच्याशी काय बोलू? आणि खरंच खायचे का हो? (एक गृहिणी, पुणे)

काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी सरळ उत्तर देते, नाही. नागांमध्ये डोकं आणायची प्रथा होती, माणूस खायची चाल नव्हती. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात कारण जुन्या चित्रांमध्ये, कॉमिक्समध्ये हाडाची माळ घातलेला जंगली माणूस आणि उकळतं हंडं असं एकच ठोकळ चित्र छापलं गेलं आणि तेच डोक्यात बसलं.

दुसरं म्हणजे प्रथा संपून किती वर्षं झाली बघा. ब्रिटिशांनी आपल्या अंमलाखालच्या भागात बंदी घातली होती. ई. डब्ल्यू. क्लार्क हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी १८७२ मध्ये आओ लोकांच्या गावात गेले, तेव्हापासून पश्चिमेकडे हळूहळू थांबत गेलं. पूर्वेला कोन्याक, चांग, खियामनिउंगान लोकांकडे जास्त टिकलं, कारण त्यांचा बराच भाग नकाशावर ब्रिटिशांचा असला तरी तिथे कोणाचंच राज्य पोचलेलं नव्हतं. तुरळक घटना १९६० च्या दशकापर्यंत झाल्या. म्हणजे तुमच्या मुलीचे आजोबा, पणजोबा. ती स्वतः बहुतेक रविवारी चर्चमध्ये गाणं म्हणत मोठी झाली असेल. शिवाय ती कुठल्या जमातीची आहे हेही आपण विचारत नाही. नागा हे एका जमातीचं नाव नाही, डझनावर जमाती आहेत, एकीची भाषा दुसरीला कळत नाही.

बोलू काय म्हणता, तर स्पष्टीकरण मागू नका, देऊही नका. माफी मागा, मुलाच्या मित्राच्या वतीने नको, तुमच्या घरात झालं म्हणून तुमची. आणि तिला एक दिवस स्वयंपाकघर द्या. तिच्याकडे अक्खुनी असेल, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, त्याचा वास उग्र असतो, आणि त्या वासावरून या मुलांना खोल्या सोडायला लावतात हे मी स्वतः बघितलंय. आपल्याकडे सुकट भाजली की काय वास येतो, शेजारी दारं लावून घेतात, तरी आपण भाजतोच ना. तिने केलेलं तुम्ही सगळे बसून जेवा. तो मित्रही.

प्रश्न : डोकंच का? माणूस मारला, लढाई जिंकली, संपलं. डोकं कापून नेऊन ते वर्षानुवर्षं टांगून ठेवण्यामागे विचार काय होता? नुसता क्रूरपणा म्हणून सोडून द्यायचं का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, नुसता क्रूरपणा म्हणून सोडून देऊ नका, आणि क्रूर नव्हतं असंही म्हणू नका. दोन्ही एकत्र धरायला लागतं.

कोन्याकांचं सांगते कारण तेच मला जवळून माहीत. त्यांची समजूत अशी की माणूस मेल्यावर त्याच्या जिवाचा एक भाग पितरांच्या गावाला जातो आणि एक भाग कवटीत राहतो. त्या कवटीतल्या भागात बळ असतं, पीक यायचं बळ, मुलं व्हायचं बळ. बाहेरच्या गावचं डोकं आणलं की ते बळ आपल्या गावात आलं. म्हणून वसंतातल्या आओलिंग सणाला आणि कापणीच्या सणाला या कवट्यांना तांदळाची बियर पाजायचे, भात द्यायचे, आणि त्यांच्याशी बोलायचे. काय बोलायचे तर, तुझ्या आईला बोलाव, बापाला बोलाव, भावांना बोलाव, तेही इकडे येऊ देत. ऐकताना अंगावर काटा येतो. शत्रूचीच कवटी, पण ती त्यांच्या लेखी मेलेली वस्तू नव्हती, कोणाचा तरी मुलगा म्हणूनच तिच्याशी बोलत होते, आणि तिच्याच तोंडून तिच्या घरच्यांचं मरण मागत होते.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. कोन्याक आपल्या स्वतःच्या मेलेल्यांचंही डोकं वेगळं करायचे. प्रेत गावाबाहेर बांबूच्या मचाणावर ठेवायचे, काही दिवसांनी डोकं वेगळं करून, साफ करून, दगडात कोरलेल्या कुंडीत ठेवायचे आणि पुढची तीन वर्षं सणावाराला त्यालाही भात आणि बियर द्यायचे. म्हणजे बापाच्या डोक्याला घास आणि वैऱ्याच्या डोक्यालाही घास. आपण पितृपक्षात पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो, त्या माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. कळलं म्हणून ते बरोबर ठरत नाही हेही खरं.

कारण ज्यांची डोकी गेली ते नेहमी ढाल घेतलेले योद्धे नव्हते. बायकांची, मुलांची डोकीही मोजली जायची. पाण्याला गेलेली बाई, झूमच्या, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या, शेतात तण काढणारी पोर. तर्क असा सांगायचे की बायका-मुलं गावाजवळ असतात, तिथपर्यंत जाऊन येणं जास्त धाडसाचं. हा तर्क मला आजही पटत नाही, आणि ज्या नागा मैत्रिणींशी बोलले त्यांनाही पटत नाही. आपल्या पणजीबद्दल एकीने सांगितलं की पाण्याला कधीच एकटी जायची नाही, सगळ्या मिळून जायच्या आणि पुढेमागे भालेवाले पुरुष. सगळी गावं डोंगराच्या धारेवर, पाणी खाली, रोजची चढउतार, ती या भीतीपायीच.

गावात याच्यावर सगळं उभं होतं. मोरुंग म्हणजे तरुण मुलांचं मोठं घर, तिथेच झोपायचं, तिथेच शिकायचं, तिथेच कवट्या टांगलेल्या. मोरुंगशेजारी अख्ख्या झाडाचा ओंडका पोखरून केलेला नगारा, होडीएवढा, त्याच्या दोन्ही बाजूंनी रांगेत उभं राहून लाकडी ठोकळ्यांनी बडवायचा. डोकं आलं की तो वाजायचा आणि पलीकडच्या डोंगरावरच्या गावाला कळायचं. मी तो सणाला ऐकलाय. कानाला नाही, आधी छातीला ऐकू येतो, आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पलीकडच्या डोंगराकडे बघितलं होतं, तिथे पूर्वी हा आवाज ऐकून कोण कोण घराबाहेर आलं असेल म्हणून.

डोकं आणलेल्या पोराला गोंदून घ्यायचा मान. काही गावांत चेहऱ्यावर, काही ठिकाणी छातीवर, आणि गोंदायचं काम आंघच्या, म्हणजे गावच्या राजाच्या बायकोचं, वेताच्या काट्यांनी, ठोकून ठोकून. गोंदलेला माणूस लग्नाच्या बाजारातही वरचा. म्हणजे सर, एकेका पोरावर केवढा दाब असेल बघा, आईचा, मोरुंगमधल्या मोठ्यांचा, आवडणाऱ्या मुलीचा.

एक प्रसंग सांगते आणि पुढे जाते. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन अभ्यासक १९३६ साली कोन्याकांच्या वाकचिंग गावात राहायला आले. त्याच वर्षी मिल्ससाहेबांनी पांगशा गावावर मोहीम नेली, ते गाव शेजाऱ्यांची डोकी नेतं, गुलाम पकडतं म्हणून. हायमेनडॉर्फ बरोबर गेले. पांगशा जाळलं. परत येताना तिथे टांगलेल्या डोक्यांपैकी काही त्यांनी वाकचिंगला आणली, आणि कित्येक वर्षं डोकं न मिळालेल्या त्या गावाने सगळे विधी, नाच, मिरवणूक जशीच्या तशी केली, साहेबांनाच डोकं आणणारा मानून. डोकी तोडू नका सांगणारं सरकार गाव जाळून आलं होतं आणि वाकचिंगला त्यात सरकार दिसलंच नाही, त्यांना दिसली एक यशस्वी स्वारी. हेच हायमेनडॉर्फ नंतर हैदराबाद संस्थानात आदिलाबादच्या गोंडांमध्ये आले, मारलावाईला राहिले, त्यांच्या पत्नीची समाधी तिथेच आहे. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही त्याच भागात गोंडांसाठी अधिकारी म्हणून काम केलं, गोंडी शिकले, तिचं व्याकरण लिहिलं. नांदेड-किनवटकडच्या वाचकांना मारलावाई लांब नाही.

प्रश्न : दाव नक्की कसा असतो? त्याने खरंच एका घावात होतं का? बाकी हत्यारं कुठली? (ठाणे)

दाव म्हणजे आपला कोयता समजा पण वाक नसलेला. मुठीकडे अरुंद, टोकाकडे रुंद होत जाणारं पातं, टोक अणकुचीदार नाही, आडवं कापल्यासारखं, वजन सगळं पुढे. धार एकाच अंगाने, पटाशीसारखी. मूठ लाकडाची किंवा बांबूच्या मुळाची, वर वेताची वीण. कमरेला मागच्या बाजूला लाकडी खाचेत अडकवतात, हात मागे गेला की थेट मुठीवर. वजन पुढे असल्यामुळे घाव खोल जातो, बांबूचा तुकडा पडताना मी रोज बघितलाय, पुढचं विचारू नका. कारण हा दाव दिवसभर दुसरीच कामं करतो, झूमचं जंगल तोडायचं, लाकूड फोडायचं, मांस कापायचं, बांबू सोलून टोपली विणायची. ऊसतोड कामगाराच्या कोयत्यासारखंच, घरातलं पहिलं अवजार.

बाकी भाला, त्याच्या दांड्याला लाल रंगवलेले बकरीचे केस, तो मुख्यतः मिरवायचा. ढाल म्हशीच्या कातड्याची, उंच. पूर्वेकडे क्रॉसबोही, म्हणजे आडवं धनुष्य. आणि सगळ्यात वाईट हत्यार म्हणजे बांबूच्या टोकदार खुंट्या, पांजी म्हणतात, वाटेवर गवतात आणि खंदकात पेरून ठेवायच्या, अनवाणी पायात घुसायच्या. नंतर ठासणीच्या बंदुका आल्या, त्या कोन्याक लोहार आजही स्वतः बनवतात, आणि सणाला हवेत बार उडवतात.

प्रश्न : इतिहासात आपल्याकडेही शत्रूचं शिर कापून भाल्यावर मिरवत, तोफेच्या तोंडी देत. मग नागांनाच रानटी का म्हणतात? (इतिहासाचा विद्यार्थी, सातारा)

मित्रा, प्रश्न बरोबर ठिकाणी लागलाय. फरक एवढाच की शिर मिरवणं हे राजा, बादशहा, कंपनी सरकार करायचं तेव्हा त्याला शिक्षा म्हणायचे, जरब म्हणायचे. जगात डोकी आणायची प्रथा फक्त नागांची नव्हती, बोर्निओत दायक, फिलिपिन्समध्ये इलोंगोट, तैवानमध्ये अतायाल, सगळीकडे होती, पण रानटी हा शिक्का लावणारा माणूस स्वतः काय करत होता ते त्या शिक्क्यात दिसत नाही.

आलम बेगचं उदाहरण घे. ४६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीतला शिपाई, १८५७ च्या उठावात होता असा आरोप, १८५८ मध्ये सियालकोटला तोफेच्या तोंडी दिला. त्याचं डोकं एका आयरिश अधिकाऱ्याने इंग्लंडला नेलं. १९६३ मध्ये ते केंट परगण्यातल्या वॉल्मर गावच्या एका पबमध्ये सापडलं, माळ्यासारख्या खोलीत, बरोबर एक चिठ्ठी. कोणाचं डोकं, काय केलं, सगळं लिहिलेलं. पबच्या मालकांनी ते काही काळ ठेवलंही. आता मला सांग, मोरुंगमध्ये टांगलेल्या कवटीला वर्षातून दोनदा तरी कोणी घास देत होतं, आई-बापाचा विषय काढत होतं. पबमधल्या आलम बेगशी शंभर वर्षांत कोण बोललं?

हे म्हणजे नागांचं चांगलं आणि इंग्रजांचं वाईट असं म्हणायचं नाही मला. मेलेला दोन्हीकडे मेलाच. पण वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीपुढे ज्याचा गळा भरून येतो त्याला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये, की देहाची विटंबना झालेल्या माणसावर आपल्या माणसांनी, आपल्या मातीत अंत्यसंस्कार करणं याला काय किंमत असते. ऑक्सफर्डला गेलेली ती नागा मंडळी तेच मागतायत.

प्रश्न : डिसेंबरात आमचा आठ जणांचा ग्रुप हॉर्नबिल फेस्टिवलला जातोय, तिथून मोनला जाऊन शेवटचे हेडहंटर बघायचे आहेत. काय काळजी घ्यावी? (डोंबिवली)

परमिट आधी काढा, भारतीयांनाही नागालँडला इनर लाइन परमिट लागतं, ऑनलाइन मिळतं. फेस्टिवल १ ते १० डिसेंबर, कोहिमाजवळ किसामाला. मोन तिथून लांब आहे, रस्ते वाईट, दोन दिवस धरा. आसामच्या बाजूने, दिब्रुगडहून सोनारीमार्गे, सोपं पडतं. लोंगवा गावात आंघच्या घराच्या मधून भारत-म्यानमारची हद्द जाते, ते बघालच.

पण ‘बघायचे आहेत’ हा शब्द जरा परत वाचा. गोंदलेले चेहरे आता फार थोडे राहिलेत, सगळे खूप म्हातारे. त्यांना उन्हात बसवून, डोक्यावर टोपी चढवून, हातात दाव देऊन फोटो काढतात, मग पुढचा ग्रुप, आणि सगळे एकच विचारतात, किती मारले? माझ्यासमोर एका आजोबांना एका दिवसात चौघांनी विचारलं. नातीने चारही वेळा भाषांतर केलं नाही, आजोबा दमलेत म्हणून सांगितलं. तुम्ही शेतीचं विचारा, गाण्यांचं विचारा, मोरुंगमध्ये काय शिकलात विचारा. फोटोआधी परवानगी, घरी जाताना चहापत्ती-साखर न्या, घर दाखवलं तर पैसे घासाघीस न करता द्या. आणि धनेशाची पिसं, वाघाचे दात, अस्वलाचं कातडं कोणी विकायला आणलं तर घेऊ नका, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि धनेश तिथे संपत चाललाय. विणलेलं कापड घ्या, मण्यांचं काम घ्या, बाईच्या हातात पैसे जातील.

प्रश्न : माझे वडील फौजेत होते, सत्तरच्या दशकात मोनकडे पोस्टिंग होतं. ते गेल्यावर ट्रंकेत एक हार सापडला, मणी आणि त्यात पितळेचे तीन छोटे चेहरे. काळे पडलेत. हे तेच का? घरात ठेवणं अशुभ म्हणतात नातेवाईक. काय करू? (एक वाचक, कराड)

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. हो, कोन्याकांचाच. डोकं आणणाऱ्याने गळ्यात असे पितळेचे चेहरे घालायचे, जितके चेहरे तितकी डोकी असं सांगतात. लाकडात कोरलेलेही असतात. प्रत्यक्ष डोकी मिळेनाशी झाली तेव्हा नाचात लाकडाची डोकी आली. पण आता बाजारासाठीही खूप हार होतात, तीन चेहरे दिसले म्हणजे तीन माणसं असं फोटोवरून म्हणता येत नाही. तुमच्या हाराची दोरी जुनी वाटते आणि मधल्या चेहऱ्याचं नाक झिजून सपाट झालंय, ते सारखं बोट फिरल्याशिवाय होत नाही.

अशुभ वगैरे काही नाही. फक्त एक कराच, पितांबरी लावून घासू नका. तो काळेपणा चुलीच्या धुराचा, घामाचा, तेलाचा आहे, कोणाच्या तरी छातीवर राहून आलेला, तो गेला की हाराची निम्मी गोष्ट गेली. दोरी तुटली तर नव्या दोऱ्यात ओवू नका, मणी त्याच क्रमाने सुती कापडावर ठेवा, फोटो काढा.

मराठी घरांमध्ये अशा ट्रंका बऱ्याच असणार. १९४४ च्या मार्चमध्ये सांगशाकला, तांगखुल नागांच्या गावात, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण जपान्यांशी लढली, तेव्हापासून आपली माणसं त्या डोंगरांत जातायत, राहतायत, काहीबाही घेऊन परत येतायत. कोणी प्रेमाने दिलेलं असतं, कोणी गरजेपोटी विकलेलं, कधी त्याहून वाईट.

वडिलांनी कधी काही सांगितलं होतं का ते आठवा. कुठलं गाव, कोणाकडून, पैसे दिले की भेट, तिथला कोणी मित्र, एखादा शब्द. आईला विचारा, त्यांच्याबरोबर पोस्टिंगला असलेल्या कोणाला विचारा, आणि जे मिळेल ते तारखेसकट कागदावर लिहून हाराबरोबर ठेवा, कारण ऑक्सफर्डच्या कपाटांतल्या वस्तूंचा सगळ्यात मोठा त्रास हाच आहे की बरोबरची माहिती कोणी लिहिली नाही. गाव कळलं तर मला कळवा. तिथल्या चर्चच्या माणसांमार्फत विचारता येतं, हार ओळखणारं घर कदाचित अजून असेल. नाही कळलं तर कोहिमाच्या स्टेट म्युझियमला फोटो पाठवून विचारू.

मला एका आजोबांनी असाच हार हातात दिला होता, दोन चेहऱ्यांचा. नात इंग्रजीत सांगत होती. मी काहीच विचारलं नव्हतं, कापडाच्याच गप्पा चालल्या होत्या. त्यांनी एका चेहऱ्यावर अंगठा ठेवला आणि एका गावाचं नाव घेतलं, मग म्हणाले त्या दिवशी पाऊस होता. दुसऱ्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर नातीला म्हणाले, हिला चहा दे.